श्रद्धा आहे, तर मूठ शंभरदा कशाला उघडायची?

धावदोरा

नमस्कार मंडळी. डाव्या अंगठ्याने टाइप करतोय, तेव्हा जोडाक्षरं तुटली असतील तर जोडून वाचा.

मी शिंपी. ‘आहे’ म्हणायचं की ‘होतो’, यावर घरात दोन तट आहेत. मी आहे म्हणतो. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. सुरुवातीला बोलणंही गेलं होतं. शब्द डोक्यात असायचा आणि तोंडातून भलताच पडायचा. बायकोला काही दिवस मी ‘बॉबिन’ म्हणून हाक मारत होतो. ती ओ देत होती. ते आता पुष्कळ सुधारलं, पायही बरा आहे, काठी सुटली. राहिला हात. खांद्यातून उचलता येतो, कोपर वाकतं, मनगट थोडं वर येतं. बोटं मिटतात, पण उघडताना अडून बसतात. खडू धरता येतो, कातर चालवता येत नाही. कातरीला मिटण्यापेक्षा उघडणं जास्त लागतं, हे इतकी वर्षं ती हातात असून कधी जाणवलं नव्हतं.

आता मुद्दा. मी देव मानणारा माणूस. नाम घेतल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. झटक्यानंतर सगळे शब्द हरवले होते तेव्हा एक नाम तेवढं तोंडातून सरळ निघत होतं. पाणी मागता येत नव्हतं, नाम घेता येत होतं. थोरल्या दादाने हे डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून त्याचं म्हणणं ठरलेलं आहे: ज्याने जीभ दिली तो हातही देईल, तू ओढाताण करू नकोस. मी व्यायामाला बसलो की तो ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणतो. टोमणा नसतो त्यात, प्रेमाने म्हणतो. परवा म्हणाला, गोळ्याही एवढ्या कशाला, हळूहळू कमी कर.

दुसरे एक ओळखीचे गृहस्थ भेटायला येतात. त्यांचं उलटं. मनापासून मागितलं असतंस तर एव्हाना हात उठला असता, कुठेतरी शंका आहे तुझ्या मनात. एकजण सांगतो काही करू नको, दुसरा सांगतो तू पुरेसं केलं नाहीस, आणि दोघेही शेजारी शेजारी बसून चहा पितात.

मला व्यायाम सोडायचा नाही आणि श्रद्धाही सोडायची नाही. पण मूठ उघडायला बसलो की आतून कोणीतरी विचारतं, त्याच्यावर सोडलंयस ना, मग हे काय चाललंय? आणि डोळे मिटून नाम घ्यायला बसलो की दुसरा म्हणतो, एवढ्या वेळात पन्नास वेळा बोटं उघडून झाली असती. दोन्हीकडे अर्धाच असतो मी.

तर विचारायचं आहे ते असं. श्रद्धा असलेल्या माणसाने स्वतःच्या आयुष्यात हात घालायचा तो कुठवर? ज्यांच्यावर असं काही गुदरलंय त्यांनी सांगितलं तर बरं वाटेल. सुविचार नकोत, ते मोबाइलवर रोज सकाळी येतात.

तर्कट

काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. देव बाजूला ठेवा. हात सुधारला तर व्यायामाने सुधारेल.

प्रार्थनेवर एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, २००६ साली छापून आला. बायपास शस्त्रक्रियेचे १८०२ रुग्ण, त्यांचे तीन गट. दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी कदाचित प्रार्थना होईल, कदाचित नाही. त्यातल्या एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला सांगितलं की नक्की होणार, आणि झाली. पहिल्या दोन गटांत शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत सारखीच निघाली, ५२ आणि ५१ टक्के. ज्यांना नक्की माहीत होतं त्यांच्यात ५९ टक्के! तुमच्या त्या चहावाल्या गृहस्थांना एवढे तीन आकडे वाचून दाखवा.

धावदोरा

राग नाही. आकडे जपून ठेवले. पण दुसऱ्याच्या प्रार्थनेने माझा हात उठेल का, असं मी विचारलंच नाही. तो मीच उठवायचा आहे हे मला मान्य आहे. उठवताना मनात काय धरायचं, एवढंच विचारतोय. देव बाजूला ठेवा म्हणता, पण ठेवू कुठे? हात गेला तेव्हा तोच एक जागेवर होता.

पोथीवाचक

धावदोरा यांस,

तुमच्या दादांची ओळ खरी आहे, पण पहिलीच आहे. अभंग तिथे थांबत नाही. ‘चित्ती असो द्यावे समाधान’ हे तर पुष्कळांना येतं. त्याच्या पुढचं म्हणा: ‘वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ’. तुकोबांचा रोख आहे तो तळमळीवर, रात्री उठून ‘माझंच असं का’ म्हणत कूस बदलण्यावर. ते सोडा म्हणतात. मूठ उघडू नका असं त्यात मला तरी कुठे सापडलं नाही, आणि हा अभंग मी वर्षानुवर्षं म्हणत आलोय.

त्याच तुकोबांची दुसरी ओळ घ्या, ‘असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’. ही तर शाळेच्या भिंतीवर रंगवलेली असते. पण भिंतीवर तेवढीच रंगवतात, त्यामुळे आधी काय आहे ते लोकांना माहीत नसतं. आधी बचनाग आहे. जहाल विष. ‘साधूनी बचनाग खाती तोळा तोळा । आणिकांते डोळां न पाहवे’. माणसं तो सवयीने पचवतात आणि इतरांना ते बघवतही नाही. मग भुजंग येतो: साधलेला माणूस तो हातात धरतो, बाकीचे नुसते पाहून कापतात. आणि मग ती भिंतीवरची ओळ. म्हणजे तुकोबांच्या डोळ्यांसमोर ‘मेहनत करा, यश मिळेल’ असलं गुळगुळीत काही नव्हतं. थोडं थोडं, मात्रा वाढवत, धोका ओळखून, बघणाऱ्यांना न बघवेल असं काहीतरी होतं. तुमच्या दादांना तुमचा व्यायाम बघवत नसेल, अशीही शक्यता आहे बरं का. धाकट्या भावाचा हात थरथरताना पाहणं सोपं नसतं. ‘ओढाताण करू नकोस’ म्हणताना देवाचं नाव घेतलं तरी पोटातलं दुसरंच असू शकतं.

त्या दुसऱ्या गृहस्थांसाठी मात्र गीतेचा अठरावा अध्याय. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं तिथे सांगितलंय: शरीर, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळे प्रयत्न, आणि पाचवं दैव. दैव यादीत आहे, नाकारलेलं नाही, पण पाचातलं एक म्हणून आहे. लगेच पुढे असंही आहे की हे असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. मी हे असं घेतो: चार गोष्टींत माझा हात लागतो तेव्हा मी बसून राहू शकत नाही. आणि पाचही माझ्या हातात नाहीत तेव्हा फळ आलं नाही म्हणून कोणी माझ्या श्रद्धेचा पंचनामा करू शकत नाही. ते गृहस्थ पंचनामाच करतायत.

तर्कट, तुमच्या प्रयोगाबद्दल एक शंका. तिथे प्रार्थना गोळीसारखी मोजली, अमक्याला दिली, तमक्याला नाही. प्रार्थना करणाराचं काय होतं हे त्या प्रयोगाने विचारलंच नव्हतं. धावदोरा नेमकं तेच विचारतायत.

तर्कट

मान्य. प्रयोग त्या प्रश्नाचा नव्हता. चहावाल्यांना मात्र लागू पडतो.

मनगट

धावदोरा दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. देवाधर्मातलं मला फार कळत नाही, घरी आई करते तेवढंच. पण तुमच्या लिहिण्यात काही गोष्टी आहेत ज्यांवर गप्प बसवत नाही.

सगळ्यात आधी गोळ्या. एकही कमी करायची नाही. बीपीची असो, रक्त पातळ करायची असो, कोलेस्टेरॉलची असो, बदल करायचा तर डॉक्टर करतील. ज्याला एकदा झटका आला त्याला दुसऱ्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि वाढलेलं बीपी हे त्यातलं सगळ्यात मोठं, आटोक्यात ठेवता येण्याजोगं कारण आहे. बीपी वाढलेलं कळत नाही, दुखत नाही, म्हणून ‘बरं वाटतंय, कमी करू’ असं सुचतं. दादांना हे वाचून दाखवा. अनंताने ठेवलं तसं राहायचं म्हटलं तरी गोळ्या घेत राहता येतं.

आता ते नाम. तुमचा मेंदूचा डावा भाग दुखावला, उजवा हात आणि बोलणं एकदम गेलं, त्यावरून हे उघड आहे. अशा रुग्णांत एक गोष्ट पुष्कळदा दिसते. स्वतः जुळवून बोलायचं वाक्य निघत नाही, पण अंक ओळीने म्हणता येतात, गाण्याची ओळ येते, शिवी येते (हो, शिवी फार स्पष्ट येते), आणि लहानपणापासूनची प्रार्थना येते. ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाच्या इंग्रज मेंदूतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हा फरक मांडला होता. घोटून घोटून आपोआप झालेलं बोलणं आणि त्या क्षणी रचलेलं बोलणं मेंदू वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळतो. तुमच्या दादांना त्यात देव दिसला, त्यावर मी बोलणार नाही. पण ते नाम वाचलं कारण तुम्ही ते वर्षानुवर्षं रोज घेतलंत. कोणी एका पहाटे येऊन ते तुमच्या जिभेवर ठेवलं नाही. म्हणजे ज्या गोष्टीचा दाखला देऊन दादा तुम्हाला आवर्तनं थांबवायला सांगतायत, ती गोष्टच आवर्तनांची आहे!

हाताचंही तेच. झटक्यानंतर सुधारणा सगळ्यात वेगाने पहिल्या काही महिन्यांत होते, नंतर वेग मंदावतो, पण दार बंद होत नाही. मधल्या काळात एक सापळा असतो. दुबळा हात वापरायला गेलं की फसतो, चांगल्या हाताने काम पटकन होतं, म्हणून माणूस दुबळा वापरायचाच सोडतो. मग जेवढी ताकद परत आलेली असते तीही वापरात येत नाही. आम्ही याला ‘शिकलेला अवापर’ म्हणतो. एडवर्ड टाउब यांनी यावर उपाय काढला: चांगल्या हाताला जाड मोजा घालून बांधून ठेवायचं आणि दुबळ्याकडून कामं करून घ्यायची. २००६ साली याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण होते. ज्यांना हा उपचार दिला त्यांनी दोन आठवडे, जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ मोजा घालायचा आणि तासन् तास सराव करायचा. त्यांच्या हाताच्या वापरात झालेली सुधारणा वर्षानंतरही टिकलेली होती. पण हे सरसकट सगळ्यांना चालत नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून वर यावी लागतात. तुमचं मनगट येतं म्हणता, तर तुमच्या फिजिओला नक्की विचारा.

आवर्तनांचा आकडाही सांगते, कारण तुम्ही ‘पन्नास’ म्हणालात. उपचाराच्या एका बैठकीत रुग्णाच्या हाताकडून कामाच्या हालचाली सरासरी तीसेकच होतात असं २००९ च्या एका पाहणीत दिसलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत फरक दिसतो तो दिवसाला शेकड्यांनी हालचाली केल्यावर. बाकीची भर घरी घालावी लागते, आणि ती घालायला रोज उठून बसायचं बळ लागतं. ते माझ्याकडे नसतं. मी तंत्र देऊ शकते. जे रुग्ण टिकतात त्यांच्याकडे बळ कुठून तरी येत असतं: कोणाला नातवंड उचलायचं असतं, कोणाला देव, कोणाला नुसता हट्ट.

‘दोन्हीकडे अर्धाच’ हे तुमचं वाक्य मला जरा वेगळ्या कारणाने खटकलं. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. झोप, भूक, कशातच मन नसणं, सगळं निरर्थक वाटणं, असं काही असेल तर श्रद्धा कमी पडली असं समजून गप्प बसू नका. डॉक्टरांना सांगा, त्याला उपचार आहे.

आणि तुमच्या मूळ प्रश्नावर थोडं, शिकताना वाचलेलं. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८८ साली श्रद्धावान माणसं अडचण कशी सोडवतात हे पाहिलं. तीन तऱ्हा निघाल्या. काही सगळं देवावर सोपवून थांबतात. काही म्हणतात देवाने बुद्धी दिली, आता माझं मी बघतो. आणि काही देवाला सोबत धरून, त्याच्याशी जणू बोलत, काम स्वतः करतात. सोपवून थांबणाऱ्यांत स्वतःच्या क्षमतेवरचा भरवसा कमी आढळला, सोबत धरणाऱ्यांत जास्त. तुम्ही मूठ उघडताना एक आणि डोळे मिटल्यावर दुसरा, असे दोन वेगळे दिवस जगताय. एकच करून बघा ना. नाम एक, मूठ एक. मिटताना नाही, उघडताना घ्या. तुम्हाला उघडणं हवंय.

उंबरठा

मला थोडं वेगळं सांगायचंय. वरचं सगळं बरोबर आहे, तरी सांगते.

माझ्या नवऱ्याला हेच झालं होतं. तेही भाविक, आणि व्यायामाला कधी चुकले नाहीत. नाम घेत मूठ उघडणं, मनगट ताईंनी आता सुचवलं तसंच काहीतरी ते करायचे. हात परत आला नाही. खांदा आला, कोपर आलं, बोटं नाही आली.

म्हणून मला ‘मनापासून मागितलं की मिळतं’ म्हणणाऱ्यांइतकीच ‘मनापासून केलं की मिळतं’ म्हणणाऱ्यांची भीती वाटते. दोघांच्या बोलण्यातून शेवटी रुग्णाच्या माथी एकच येतं, की तू कमी पडलास. आमच्याकडे आधी पहिले येऊन गेले, मग दुसरे. दुसरे जरा शिकलेले होते, एवढाच फरक.

यांनी काय केलं सांगते. एक दिवस म्हणाले, हात परत मिळवायचा हे माझं ठरवणं झालं, देवाने तसं काही कबूल केलेलं नाही. काम परत मिळवायचं का ते बघू. ते हिशेबनीस. डाव्या हाताने आकडे काढायला शिकले. पहिल्या वहीतले सात आणि एक ओळखू यायचे नाहीत. डाव्या हाताची सही बँकेत नव्याने दिली. तिथल्या माणसाने तीन कागद मागितले, यांनी चौथा स्वतःहून दिला, असा स्वभाव. उजव्या हाताचा व्यायाम त्यांनी सोडला नाही, पण त्याच्यावर आशा टांगून ठेवली नाही. कडक होऊ नये, दुखू नये, बाही घालता यावी, एवढ्यासाठी करायचे.

देवाशी भांडण झालं का? झालं. पुष्कळ दिवस नाम बंद होतं. मग परत सुरू झालं, पण आधीसारखं काही मागून नाही. मी विचारलं, आता कशासाठी घेता? म्हणाले, सवय. मला ते उत्तर आवडलं होतं.

धावदोरा दादा, तुम्हाला एक विचारू? डावखुऱ्यांची कातर मिळते. तुम्ही ती घेतली आहे का? तुम्ही लिहिलंत त्यात डावा हात फक्त टाइप करताना दिसला, म्हणून विचारते.

धावदोरा

सगळ्यांचं वाचलं. उंबरठा ताई, तुमचं दोनदा वाचलं.

डाव्या कातरीचं बायकोही म्हणाली होती. माहीत आहे मला ती. नुसती उजवी कातर डाव्या हातात धरून चालत नाही, पाती उलटी असावी लागतात, नाहीतर कापायची रेघ पात्याखाली लपते आणि कापड दोन पात्यांमध्ये दुमडतं. मागवली नाही. का, तर ती घरात आली की उजव्याने ऐकलं, असं वाटायचं. आता तू नकोस म्हणून सांगितल्यासारखं. आणि वर देवालाही सांगितल्यासारखं, की तुझी वाट पाहणं बंद केलं.

पोथीवाचक काका, याला काय म्हणाल? डावी कातर घेणं म्हणजे विश्वास सोडणं का?

पोथीवाचक

नाही. गीतेच्या त्या यादीत तिसरं कारण ‘निरनिराळी साधनं’ आहे. डावी कातर तिथे बसते. उजवा हात बरा झाला की देव रागावून म्हणणार आहे का, की ती दुसरी कातर कशाला घेतलीस?

उंबरठा ताईंच्या यजमानांचं ‘सवय’ हे उत्तर मलाही फार आवडलं. इतकं सरळ उत्तर मला देता आलं नसतं, मी दोन ओव्या तरी घातल्या असत्या.

तर्कट

काका, मला वाटलं होतं इथे प्रवचन होईल. डावी कातर ऑनलाइन मिळते. हवी असेल तर शोधून दुवा देतो.

मनगट

एक तांत्रिक गोष्ट जोडते, नाहीतर माझं आणि उंबरठा ताईंचं एकमेकांविरुद्ध वाटेल. डाव्याने काम शिकणं आणि उजव्याकडून जबरदस्तीने काम घेणं, दोन्ही एकाच वेळी करता येत नाही, पण एकाच दिवशी येतं. वेळा वेगळ्या ठेवा. अंग ताजं असतं तेव्हा उजवा, पोटापाण्याच्या वेळी डावा. आणि उजव्याला दुपारी अगदी रजा नको. कापड धरून ठेवायला, दाबायला, पट्टी सरकू न द्यायला तो आजही उपयोगी आहे. बोटं न उघडणाऱ्या हातालाही वजन असतं.

धावदोरा

हे पटलं. कापड दाबून ठेवणं माझ्या कामात निम्मं काम आहे, ते कोणी मोजत नाही.

तर्कट, दुवा पाठव. लांब पात्याची हवी, छोटी नको.

आता मी काय करणार ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. सकाळी उजव्याचं, उघडताना नाम. दुपारी डाव्याने कागद कापून सराव, जुनी वर्तमानपत्रं पुष्कळ आहेत. थेट कापडावर नाही जाणार. अंगावर बसेल की नाही हे शिवून झाल्यावरच कळतं, तरी कोणी माप घेतल्याशिवाय कातर लावत नाही. कागदावर हात कुठवर जातो ते आधी बघतो. हात येईल का, हा प्रश्न त्याच्याकडे. आज किती वेळा उघडला, हा माझ्याकडे. एवढी वाटणी तूर्त पुरेल. पुढे बदलेलही.

चहावाल्या गृहस्थांना आकडे दाखवणार नाही. ते आले की मी व्यायामाला बसेन, बोलणं आपोआप कमी होईल.

दादाचं मात्र वेगळं. पोथीवाचक काका, तुम्ही ‘बघवत नसेल’ म्हणालात ते मी त्याला न सांगता दोन दिवस पाहिलं. खरं आहे. मी बोटं उघडायला लागलो की तो खिडकीशी जाऊन उभा राहतो. मग काल त्याला म्हटलं, तू माळेवर मोजतोस, माझंही मोज. मी मूठ उघडली की एक मणी ओढ. आधी नको म्हणाला. मग बसला. मध्येच मला म्हणाला, ही अर्धीच उघडली, ही धरत नाही. फिजिओपेक्षा कडक निघाला! गोळ्यांची डबीही आता तोच भरतो. आपलं वाक्य त्याने परत घेतलेलं नाही, पण डबी भरतो.

मनगट ताई, एक शेवटचं. त्या मोज्याचं माझ्या फिजिओंना विचारलं. त्या म्हणाल्या मनगट आणि बोटं तपासून ठरवू. तोवर घरी डाव्या हातावर साधा जाड मोजा घालून सकाळचा थोडा वेळ करून बघितलं तर चालेल का? आणि दादाने अर्धी उघडलेली मूठ मोजायची की नाही?

मनगट

तपासून होईपर्यंत बसून करायच्या कामांपुरताच घाला, आणि कोणीतरी जवळ असताना. मोजा घालून जिना नको, न्हाणीघर नको, गरम भांड्याजवळ नको, रस्ता ओलांडणं नको. तोल गेला तर सावरायला डावा हात मोकळा हवा. उजवा खांदा दुखायला लागला तर थांबा, आणि दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर फिजिओंना सांगा.

अर्धी उघडलेली मोजायची. दादांना सांगा, तिच्यासाठी वेगळा मणी धरा. पुढच्या महिन्यात पूर्ण किती आणि अर्ध्या किती, हे तुमच्या फिजिओंना दाखवा, त्यांना त्याचा फार उपयोग होईल.